इसबावर जंतुनाशक मॉइश्चरायझर : कधी, किती आणि कुठे थांबायचं?

औषधपेटी (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९:१२

ब्रिटनमध्ये इसब वारंवार चिघळायला लागलं की जीपी (तिथले फॅमिली डॉक्टर) बऱ्याचदा एक पांढरं लोशन लिहून देतात, डर्मॉल ५००. पंपाची बाटली, वास जवळजवळ नाहीच. लेबलवर चार नावं महत्त्वाची : बेन्झाल्कोनियम क्लोराइड ०.१ टक्का, क्लोरहेक्सिडीन डायहायड्रोक्लोराइड ०.१ टक्का, लिक्विड पॅराफिन २.५ टक्के, आयसोप्रोपिल मायरिस्टेट २.५ टक्के. पहिली दोन जंतुनाशकं, उरलेली दोन स्निग्ध. त्याचंच क्रीम मिळतं (स्निग्धांश १० आणि १० टक्के) आणि टबच्या पाण्यात घालायचं डर्मॉल ६०० हे तेलही मिळतं.

माझं मत आधीच सांगते. ही बाटली कामाची आहे, पण ती साबणाच्या जागी आणि ठरावीक काळापुरती वापरायची वस्तू आहे. बरीच घरं तिला एकमेव मॉइश्चरायझर समजून वर्षानुवर्षं चोपडत राहतात, आणि खरं लागतं ते साधं, भरपूर, जाड मलम मागे पडतं.

प्रश्न तीन. एक, लावून धुवायचं की अंगावर राहू द्यायचं? दोन, किती दिवस? तीन, महाराष्ट्रात आपली अंघोळ बादली-तांब्याची, तिथे टबसाठी केलेल्या या तेलांचं काय करायचं?

विनंती : घरच्या कहाण्यांपेक्षा प्रमाण, पद्धत आणि चुका लिहा. शोधत येणाऱ्याला तेच हवं असतं.

---

सालपट · सोमवार, रात्री १०:०५

उत्तम धागा. जंतुनाशकाची गरज मुळात का पडते, तिथून सुरुवात करतो.

इसबाच्या कातडीची भिंत कच्ची असते. काहींच्या बाबतीत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुकच बिघडलेलं असतं, हे २००६ साली डंडीच्या संशोधकांनी दाखवलं. भिंत कच्ची म्हणजे पाणी बाहेर जातं आणि जंतू, साबण, धूळ आत शिरतात. निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आंबट. इसबात तो वर सरकतो आणि ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूला मानवतं. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा इसबाच्या चट्ट्यावर हा जंतू साधारण ७० टक्के रुग्णांत सापडला, आणि त्याच रुग्णांच्या वरवर चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर ३९ टक्क्यांत.

आता मुद्दा असा, की जंतू सापडला म्हणजे संसर्ग झाला असं होत नाही. तो तिथे मुक्कामाला असतो. संसर्ग कधी म्हणायचा? मधासारखी पिवळी खपली धरली, लस गळायला लागली, पुटकुळ्या आल्या, नेहमीचं मलम चालू असूनही दोन दिवसांत चट्टा अचानक भडकला, तेव्हा.

आणि आणखी एक. त्वचेचा दाह उतरला की जंतूही आपोआप कमी होतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम भीतीपोटी अर्धवट लावायचं आणि जंतुनाशक लोशन मात्र दिवसातून चारदा, हा उलटा हिशेब आहे.

---

पारिजातक · सोमवार, रात्री १०:२०

वाचनखूण साठवली. स्टॅफचं माहेर नाकपुड्या आणि सासर कोपराची लवण, असं कानावर आहे :) ते खरं का?

---

सालपट · सोमवार, रात्री १०:३१

@पारिजातक, अगदी खरं. बऱ्याच निरोगी माणसांच्या नाकात तो सुखाने राहतो. म्हणूनच नाकात बोट आणि मग त्याच बोटाने खाजवणं ही जंतूची रोजची वाट असते. मुलांची नखं आठवड्यातून दोनदा कापणं हा जंतुनाशकाइतकाच मोठा उपाय आहे. कापल्यावर कानशीने गोल करा, नुसती कापलेली नखं जास्त ओरखडतात.

---

दहीघुसळ · सोमवार, रात्री ११:४८

मलमं-लोशनं कशी बनतात त्या अंगाने लिहितो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

धागाकर्तीने दिलेले आकडे जोडा. लोशनमध्ये स्निग्धांश २.५ अधिक २.५, म्हणजे ५ टक्के. बाकी बहुतेक पाणी आणि ते पाणी तेलाशी जुळवून धरणारे घटक. ब्रिटनमधलं ५०:५० मलम (पांढरं मऊ पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन निम्मं निम्मं) शंभर टक्के स्निग्ध. म्हणजे कोरड्या ठक्क पायावर हे लोशन लावून मलमाच्या कामाची अपेक्षा धरणं चूक. लोशन पटकन जिरतं, कपड्याला चिकटत नाही, केसाळ भागावर सोपं जातं, पण तासा-दोन तासांत कातडी पुन्हा ओढल्यासारखी होते.

साबणाऐवजी मात्र ते छान चालतं. पद्धत अशी :

अंग कोमट पाण्याने ओलं करा. गरम पाणी नको, खाज वाढते. मोठ्या माणसाच्या एका हाताला दोन-तीन पंप घ्या, तळहातांवर पसरा आणि वरून खाली, केसांच्या दिशेने फिरवा. चोळू नका. फेस येणार नाही, येऊही नये. फेस नाही म्हणून निघत नाही असं वाटून लोक वर साबण लावतात, आणि इथेच सगळं फसतं. बेन्झाल्कोनियम आणि क्लोरहेक्सिडीन दोन्ही धनभारित रेणू आहेत, साबण ऋणभारित. दोघं भेटले की एकमेकांना धरून बसतात आणि जंतुनाशकाचा जोर संपतो. म्हणजे साबणाने त्वचा सोलवटली आणि लोशनही फुकट गेलं.

एखादं-दोन मिनिटं अंगावर राहू द्या, धुवा, मऊ पंचाने टिपा. अंग दमट असतानाच, तीनेक मिनिटांत, साधं जाड मॉइश्चरायझर लावा. जंतुनाशकाचं काम न्हाणीघरात संपलं, ओलावा धरण्याचं काम मलमाकडे.

केसांच्या उलट दिशेने रगडलं तर मलम केसांच्या मुळांत ठासलं जातं आणि बारीक पिवळ्या डोक्याच्या पुटकुळ्या येतात. त्याला लोक ‘मलम उतलं’ म्हणतात आणि मलमच बंद करतात. बदलायची ती लावायची दिशा.

---

बोरकाठी · मंगळवार, सकाळी ७:१५

फार सुंदर समजावलंत. पण थोडा विरोध नोंदवतो. लेबलवर ‘त्वचेवर लावा किंवा साबणाऐवजी वापरा’ असे दोन्ही पर्याय असतात. अंगावर ठेवण्याला एवढा नकार का?

---

दहीघुसळ · मंगळवार, सकाळी ८:०२

@बोरकाठी, नकार नाही. कोपराची लवण, गुडघ्यामागची लवण, मान, जिथे परत परत चिघळतं तिथे चिघळण्याच्या दिवसांत ठेवायला हरकत नाही. सगळ्या अंगावर, रोज, वर्षभर याला माझा विरोध आहे. बेन्झाल्कोनियम काहींना झोंबतं, काहींना त्याची ॲलर्जी येते. ती ॲलर्जी दिसायला हुबेहूब इसबासारखी असते, मग माणूस आणखी लोशन लावतो. चक्र चालू.

---

औषधपेटी · मंगळवार, सकाळी ११:४०

दहीघुसळ यांना पूर्ण अनुमोदन. ब्रिटनच्या नाइस संस्थेचं मुलांच्या इसबावरचं २००७ चं मार्गदर्शन याच धर्तीवर होतं : वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांत ट्रायक्लोसान किंवा क्लोरहेक्सिडीनसारखी जंतुनाशकं योग्य पातळ करून जोडीला वापरावीत, दीर्घकाळ वापरू नयेत. शब्द नीट पाहा, ‘वारंवार संसर्ग’, ‘जोडीला’ आणि ‘दीर्घकाळ नको’.

ॲलर्जीची शंका असेल तर घरी करता येणारी चाचणी : कोपराच्या आतल्या बाजूला, चट्टा नसलेल्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर तेच लोशन दिवसातून दोनदा, सात दिवस लावायचं, न धुता. लाली, पुरळ किंवा खाज आली की थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. पहिल्या मिनिटात नुसतं चुरचुरणं वेगळं, ते भेगांमुळेही होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठणारं पुरळ महत्त्वाचं.

क्लोरहेक्सिडीनने क्वचित अंगावर गांधी उठून श्वास अडकण्याइतकी तीव्र प्रतिक्रिया येते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने, एमएचआरएने, २०१२ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. आधी कधी क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांनी किंवा ऑपरेशनआधीच्या पुसण्याने त्रास झाला असेल तर हे लोशन घ्यायचंच नाही. डोळ्यांत आणि कानाच्या आत जाऊ देऊ नका.

---

घंगाळ · मंगळवार, दुपारी १:०५

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, नावाला जागून.

टबच्या तेलाचा हिशेब मांडून बघा. डर्मॉल ६०० मध्ये बेन्झाल्कोनियम ०.५ टक्का. मोठ्यांसाठी मात्रा एका टबला ३० मिलीपर्यंत. म्हणजे साधारण १५० मिलिग्रॅम जंतुनाशक. टबात १०० लिटर पाणी धरलं तर लिटरमागे दीड मिलिग्रॅम. लोशनमध्ये हेच प्रमाण लिटरमागे सुमारे १००० मिलिग्रॅम. फरक साडेसहाशे पटींहून जास्त. टबच्या तेलाची सगळी भिस्त पाच-दहा मिनिटं बुडून बसण्यावर.

आता बादली. १५ लिटर पाणी, तांब्यातांब्याने ओतलं, दहा सेकंदांत मोरीत गेलं. बुडून बसणं नाही, संपर्क नाही. प्रमाण जुळवायचं म्हटलं तर १५ लिटरला साडेचार मिली, पण त्याचा उपयोग नगण्य. आणि ‘उपयोग दिसत नाही’ म्हणून बादलीत अर्धी बाटली ओतणं तर धोक्याचं. ही तेलं दाट स्वरूपात त्वचेवर गेली की भाजल्यासारखी लाली येते. जांघेत, काखेत, लहान मुलांच्या लंगोटाच्या भागात विशेषतः.

तेव्हा बादलीच्या अंघोळीला टबचं तेल नको. लोशन अंगाला लावून वरून साधं पाणी.

---

बोरकाठी · मंगळवार, दुपारी २:३०

टबच्या तेलांचा एकूणच फायदा नाही असं २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं ना? मग टबवाल्यांनीही सोडून द्यावं.

---

औषधपेटी · मंगळवार, सायंकाळी ६:१०

बरोबर, बेद (BATHE) नावाची चाचणी, ४८२ मुलं, वय १ ते ११. दोन्ही गटांनी नेहमीचं मॉइश्चरायझर आणि साबणाऐवजीचं क्रीम चालू ठेवलं. एका गटाने वर्षभर टबात तेलही घातलं. इसबात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. त्यानंतर एनएचएसने (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने) अशी तेलं सरसकट लिहून देऊ नयेत असं सांगितलं.

पण त्या चाचणीचा प्रश्न ‘टबातल्या स्निग्धतेने फरक पडतो का’ हा होता. जंतुनाशकाचा प्रश्न तिने सोडवला नाही. माझा स्वतःचा कल तरीही घंगाळ यांच्या बाजूने आहे : पैसे टबात ओतण्यापेक्षा मलमावर घाला.

---

रानहळद · मंगळवार, रात्री ९:००

अमेरिकेतले डॉक्टर ब्लीचच्या पाण्यात बसायला सांगतात. इतकं तीव्र रसायन इसबावर? ऐकूनच काटा येतो.

---

सालपट · मंगळवार, रात्री ९:५०

पातळ केल्यावर ते पोहण्याच्या तलावातल्या पाण्याच्या जातीचं होतं. अमेरिकन कृती : १५० लिटर पाण्याच्या भरलेल्या टबात ६ टक्क्यांचं साधं ब्लीच १२० मिली. त्यातून सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण ०.००५ टक्के येतं. दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा, डोकं-चेहरा बाहेर, मग साध्या पाण्याने धुवून मलम. २००९ च्या मूळ अभ्यासात ३१ मुलं होती आणि फायदा दिसला. २०१७ मध्ये पुढचे अभ्यास एकत्र केले तेव्हा नुसत्या पाण्याच्या टबानेही जवळपास तेवढाच फायदा होतो असं निघालं. त्यामुळे वाद चालू आहे.

आपल्याकडे अडचण वेगळी. दुकानातल्या ब्लीचचा टक्का लेबलवर असेलच असं नाही, उन्हात ठेवलेली बाटली महिन्यांत उतरते, आणि काहींत सुगंध आणि फेसाचं रसायन मिसळलेलं असतं. ब्लीचिंग पावडर तर वेगळीच वस्तू, तिचा अंघोळीला विचारही करू नका. डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिल्याशिवाय हा प्रयोग नको. दम्याच्या रुग्णाने बंद न्हाणीघरात तर नकोच.

---

खोबरेल · बुधवार, सकाळी ६:४५

नाव खोबरेल म्हटल्यावर हजेरी लावणं आलं :)

आपल्या घरांत जंतुनाशक अंघोळीची जुनी सवय आहे, फक्त नावं वेगळी. एकेक घेते.

तपकिरी जंतुनाशक द्रव (क्लोरोझायलेनॉलचा), ज्याचं टोपण पाण्यात पडताच पाणी दुधासारखं होतं. जखम धुवायला ठीक, इसबाच्या अंगाला नको. झोंबतो, कोरडेपणा वाढवतो. पावसाळ्यात मुलांच्या बादलीत रोज टोपणभर घालण्याची पद्धत इसब असलेल्या मुलापुरती तरी बंद करा.

कडुनिंबाचं पाणी. पाला उकळून किती द्रव्य उतरलं याला माप नाही. न गाळता वापरलं तर पाल्याचे कण भेगांत अडकतात. गाळून, कोमट, अधूनमधून वापरलं तर फारसं नुकसान नाही. मात्र चिघळलेल्या जागेचा इलाज म्हणून त्यावर विसंबू नका.

हळद. उघड्या चट्ट्यावर लेप वाळला की कातडी ओढते, आणि खरवडून काढताना खपली निघते. काहींना हळदीची ॲलर्जीही असते.

आणि खोबरेल. यात मात्र दम आहे. खोबरेलातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, आणि त्यापासून होणारं मोनोलॉरिन स्टॅफला मारक. फिलिपिन्समध्ये २००८ साली प्रौढांच्या इसबावर घाण्याचं खोबरेल आणि ऑलिव्ह तेल यांची तुलना झाली, तेव्हा खोबरेलाच्या गटात स्टॅफ बराच जास्त कमी झाला. तिथेच २०१४ मध्ये ११७ मुलांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, खोबरेल विरुद्ध मिनरल ऑइल. त्यातही खोबरेल सरस ठरलं. म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्या फडताळात साधंसं जंतुविरोधी इमोलियंट (त्वचा मऊ ठेवणारं मॉइश्चरायझर) आधीपासून आहे.

अटी : घाण्याचं, शुद्ध, बिनवासाचे मसाले नसलेलं. कापूर घातलेलं, जास्वंद-मेथी उकळलेलं केसांचं तेल अंगाच्या इसबाला नको. दमट अंगावर पातळ थर. नागपूरच्या हिवाळ्यात ते एकटं पुरत नाही, वरून पेट्रोलियम जेली लागते. ऑलिव्ह तेल आणि मोहरीचं तेल बाळाच्या मालिशीला नको, दोन्हींनी त्वचेची भिंत आणखी कच्ची होते असं दिसलंय.

---

पारिजातक · बुधवार, सकाळी ७:३०

‘बिनवासाचे मसाले नसलेलं’? मसाले नकोत की वास नको, नीट कळलं नाही.

---

खोबरेल · बुधवार, सकाळी ७:३४

घाईत वाक्य फसलं. सुगंध मिसळलेला नको, औषधी मसाले घातलेलं नको. घाण्याच्या तेलाचा स्वतःचा खोबऱ्याचा वास असणारच, तो चालतो.

---

चिमटा · बुधवार, सकाळी १०:२०

धागा भरकटवतो आहे, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्रात ‘खाज’ म्हणून जे औषधाच्या दुकानात जातं त्यातलं बरंचसं इसब नसतंच.

नायटा : गोल कडा, कड उंच आणि लाल, मधला भाग निवळत जाणारा. कंबरेची नाडी, जांघ इथे. ही बुरशी.

खरूज : रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीजवळ पुरळ, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम. हा किडा.

इसब : लवणींत, मानेवर, लहान बाळांत गालांवर. कडा धूसर, कातडी जाड, घरात दमा किंवा शिंका.

जंतुनाशक मॉइश्चरायझर यांतल्या फक्त तिसऱ्यासाठी. नायट्यावर ते लावून काही होणार नाही. आणि सगळ्यावर एकच म्हणून दुकानातून मिळणारी मिश्र क्रीमं, ज्यात क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं, त्यांनी तर देशभर नायटा हट्टी करून ठेवलाय. दोन दिवस खाज थांबते, कड पुसट होते, बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये बरीच स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढं म्हटलं तरी ती मिळते. पोटतिडकीने सांगतो, ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी ‘सोल’, ‘सोन’ दिसलं तर विचारा की हे स्टेरॉइड आहे का.

---

सालपट · बुधवार, दुपारी १२:१५

@चिमटा, हा भरकटलेला भागच सगळ्यात गरजेचा. फक्त एक पुरवणी : ‘सोल’ने स्टेरॉइड ओळखू नका. केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही बुरशीची औषधंही ‘झोल’वर संपतात, कानाला सारखीच लागतात. ओळखायची तर नावं पाठ ठेवा : क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन.

---

चिमटा · बुधवार, दुपारी १२:२२

मान्य, दुरुस्ती योग्य. धन्यवाद.

---

कौलारू · बुधवार, दुपारी ३:४०

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने इसब वाढतं म्हणून लोक महागडी पाणी मृदू करणारी यंत्रं बसवतात. त्याने फरक पडतो का?

---

दहीघुसळ · बुधवार, सायंकाळी ५:०५

ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला. मृदू पाण्याच्या यंत्राने नेहमीच्या उपचारांपलीकडे फायदा दिसला नाही. जड पाण्यात साबणाचा चुना कातडीवर बसतो हे खरं, पण साबणच वापरला नाही तर हा प्रश्न पुष्कळसा मिटतो. यंत्राच्या आधी साबण बदलून बघा.

इमोलियंट म्हणून ब्रिटनमध्ये पूर्वी सर्रास दिलं जाणारं ‘ॲक्वियस क्रीम’ही अंगावर ठेवायला नको. त्यात सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे फेसाचं रसायन. त्यावर एमएचआरएने २०१३ मध्ये इशारा दिला होता. भारतात क्रीम घेताना हे नाव लेबलवर शोधा.

---

मापटं · बुधवार, रात्री ८:३०

कुणीच अजून प्रमाणावर नीट बोललं नाही, आणि सगळे उपाय तिथेच हरतात.

मोठ्या माणसाला पूर्ण अंगाला एका वेळी २० ते ३० ग्रॅम साधं मॉइश्चरायझर लागतं. दिवसातून दोनदा, म्हणजे आठवड्याला ३०० ते ४०० ग्रॅम. शाळकरी मुलाला आठवड्याला २५० ग्रॅम धरा. ५०० ग्रॅमचा डबा दोन महिने पुरत असेल तर मॉइश्चरायझर लावलं जातच नाहीये, नुसतं दाखवलं जातंय.

स्टेरॉइड मलमाचं माप वेगळं : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरतं. दोन्ही एकदम लावू नका, मध्ये अर्धा तास सोडा. नाहीतर स्टेरॉइड पातळ होतं, किंवा मलमासोबत नको तिथे पसरतं.

कोणतं मॉइश्चरायझर चांगलं यावर भांडू नका. ब्रिटनमध्ये ५५० मुलांत लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली, निकाल २०२२ मध्ये. चौघांत परिणामाचा फरक दिसला नाही. मुलाला जे लावून घ्यायला आवडतं ते चांगलं. मुंबईच्या मे महिन्यात जाड मलमाखाली घामोळं येतं, तेव्हा क्रीम. पुण्याच्या जानेवारीत मलम.

डब्यात बोट घालायचं नाही. पंपाची बाटली नसेल तर स्वच्छ, कोरड्या चमच्याने आधी बशीत काढा आणि बशीतून घ्या. ज्या बोटाने चिघळलेला चट्टा चोळला तेच बोट डब्यात गेलं की जंतू डब्यात जातात आणि उद्या पुन्हा अंगावर येतात. निव्वळ पेट्रोलियम जेलीत पाणी नसल्याने जंतू सहसा वाढत नाहीत. पाण्याच्या क्रीमचं तसं नाही.

---

औषधपेटी · बुधवार, रात्री ९:१५

@मापटं, बशीची युक्ती सोन्यासारखी. कित्येकदा ‘जंतुनाशकाने गुण येत नाही’ याचं कारण डब्यातच असतं.

आगीबद्दल सगळ्यांनी वाचा. पॅराफिन जिरलेले कपडे, पट्ट्या, चादरी ठिणगी पडल्यावर झपाट्याने पेटतात. एमएचआरएने २०१८ मध्ये सांगितलं की कमी पॅराफिनची आणि बिनपॅराफिनची मलमंही यात आली, आणि गरम पाण्यात धुतल्यानेही कपड्यातला अंश पूर्ण जात नाही. मलम लावलेल्या माणसाने सिगारेट ओढायची नाही, गॅसजवळ सैल बाह्या नकोत. दिवाळीत पणत्या लावताना मलमाचा सुती झगा घातलेलं मूल पुढे करू नका, फुलबाजी तर नाहीच.

मोरीची फरशीही निसरडी होते. अंघोळ झाली की गरम पाणी आणि भांड्याचा साबण टाकून घासा.

---

सालपट · गुरुवार, सकाळी ९:२०

एक धोक्याची खूण राहिली. इसबावर अचानक एकाच आकाराच्या बारीक फोडांचा पुंजका, फुटल्यावर टोच्याने पाडल्यासारखे खोल गोल व्रण, खाजेपेक्षा दुखणं जास्त, ताप, मूल मलूल : हा नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूचा संसर्ग. जंतुनाशक लोशनने यात काही साधत नाही, वेळ जातो. त्याच दिवशी रुग्णालय, असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू व्हावं लागतं. डोळ्याजवळ असेल तर तासांचाही उशीर नको.

साध्या जिवाणू संसर्गात, माणूस एरवी ठणठणीत असेल तर अँटिबायोटिक लगेच लागतंच असं नाही, नाइसचं २०२१ चं मार्गदर्शन हेच सांगतं. सौम्य संसर्ग झालेल्या ११३ मुलांच्या ब्रिटिश चाचणीत अँटिबायोटिक तोंडाने दिलं, मलमातून दिलं, तरी नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही.

---

बोरकाठी · गुरुवार, सकाळी ११:००

म्हणजे अँटिबायोटिकला प्रतिकार होतो म्हणून जंतुनाशक सुरक्षित, असं धरायचं का?

---

दहीघुसळ · गुरुवार, दुपारी १२:४०

पूर्ण नाही. स्टॅफच्या काही वाणांत ‘क्यूएसी’ नावाची जनुकं असतात, ती बेन्झाल्कोनियम आणि क्लोरहेक्सिडीन पेशीबाहेर उपसून टाकतात. लोशनमधल्या प्रमाणापुढे ती सहसा टिकत नाहीत, पण अर्धवट, फार पातळ, वर्षानुवर्षं वापर म्हणजे अशा वाणांना मोकळं रान. म्हणून वापरायचं तेव्हा नीट वापरा, आणि मग थांबा.

---

औषधपेटी · गुरुवार, रात्री ८:५५

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, ‘किती दिवस’, उत्तर अजून सुटं सुटं पडलंय. माझी पद्धत मांडते, खोडा.

चिघळलं की लोशन साबणाऐवजी रोज एकदा, वर साधं मलम दोन-तीनदा, डॉक्टरांनी सांगितलेलं स्टेरॉइड पूर्ण मुदतीपर्यंत. दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवायचं. खपल्या गेल्या, लस थांबली की लोशन बंद आणि साबणाऐवजी साधं इमोलियंट. दोन आठवड्यांत गुण नसेल तर बाटली वाढवायची नाही, निदान तपासायचं : नायटा, खरूज, ॲलर्जी, हर्पीस.

---

सालपट · गुरुवार, रात्री ९:३०

खोडण्यासारखं एकच. ज्यांचं वर्षातून चार-पाच वेळा चिघळतं त्यांना मधल्या काळातही आठवड्यातून दोनदा लोशनने धुवायला मी हरकत घेणार नाही, ॲलर्जी नसेल तर. बाकी सही.

---

औषधपेटी · गुरुवार, रात्री ९:४१

मान्य. ‘वारंवार’ या शब्दाला तेवढी जागा द्यायला हवी.

---

कौलारू · शुक्रवार, सकाळी ८:१०

शेवटची शंका. हे लोशन वापरणाऱ्यांच्या टॉवेलवर धुतल्यावर तपकिरी डाग पडतात, ते पॅराफिनचे का?

---

दहीघुसळ · शुक्रवार, सकाळी ८:५२

नाही, ते क्लोरहेक्सिडीनचे. कापडात राहिलेल्या क्लोरहेक्सिडीनला क्लोरीनचं ब्लीच लागलं की तपकिरी डाग उठतो आणि तो कायमचा. टॉवेल पांढरे करायच्या नादात ब्लीच घालू नका. आधी कोमट पाण्यात दोनदा खळबळून घ्या, मग नेहमीची पावडर, शेवटी एक जादा पाणी, म्हणजे पावडरचा अंश कापडात राहून पुन्हा खाज सुटणार नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, आणि लोशनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. झाकणावर लिहू नका, ते बदललं जातं. बुडाशी लिहा.